पहिला गोळा माझा

मित्रांनो, मी एक जुना पखवाज आहे आणि मी कणीक खातो.

हसू नका. माझ्या उजव्या तोंडावर काळी शाई आहे, ती कायमची. डाव्या तोंडावर मात्र प्रत्येक वेळी वाजवण्याआधी ओली कणीक थापावी लागते. ती असली तरच माझा ‘धा’ पोटातून येतो. नसली तर माझ्यात आणि रिकाम्या डब्यात काही फरक नाही.

वसमतच्या रामकिशन नावाच्या कारागिरानं मला शिसवाच्या खोडातून कोरलं. दोन्ही तोंडांवर कातडं चढवलं, चामडी वाद्या आवळल्या, त्यांच्याखाली लाकडी गट्टे ठोकले. गट्टे ठोकताना फार दुखतं, पण त्यावाचून सूर येत नाही. कुरुंद्याच्या संतरामनं मला भजनासाठी घरी आणलं. त्याची बायको गोजरबाई पोळ्यांची कणीक मळायला बसली की पहिला गोळा माझा. घरच्यांच्या ताटात पोळी पडायची ती त्यानंतर. भजन आटोपलं की तीच कणीक खरवडून गाईला. गाय आणि मी, आमची एकच पंगत.

पुढं संतरामची बोटं आखडली आणि मी खुंटीला गेलो. लोक माझ्यावर टोप्या अडकवू लागले. एका उंदरानं माझ्या वादीवर दातांची परीक्षा घेतली. मला वाटलं, संपलं. तेव्हा संतरामच्या लेकीनं, प्रतिक्षानं, मला खाली उतरवलं.

भजनी मंडळातले प्रेमदास म्हणाले, “पोरीला काहून पखवाज? टाळ दे की तिच्या हातात.”

गोजरबाई म्हणाली, “टाळाला कणीक लागत न्हाई, भाऊ. या निमित्तानं मळायला तरी शिकंल.”

प्रतिक्षा दोन्ही शिकली. मळायला जरा कमी.

तिसरी एक गोष्टही ती शिकली, घरबसल्या, बघून बघून. वेबसाइट बनवायला. तिच्या मांडीवर एक चपटा लॅपटॉप येऊन बसला. मांडी आजवर माझी होती, त्यामुळं मला तो आवडला नाही. तिनं पहिली वेबसाइट बनवली आखाडा बाळापूरच्या एका हळद व्यापाऱ्याची. पानाची जमीनही पिवळी, अक्षरंही पिवळी. वाचता कुणालाच येईना, पण व्यापारी खूश. हळूहळू हात बसला आणि लांबलांबची कामं येऊ लागली. त्यात एक काम देवश्रीताईंचं. त्या मूळच्या हिंगोलीच्या, आता नेदरलँड्समध्ये कथ्थक शिकवतात आणि गावोगाव कार्यक्रम करतात. फोनवर बोलता बोलता त्या थबकल्या.

“मागे पखवाज कोण वाजवतंय?”

“मीच, ताई. तुमचं पान उघडायला उशीर लावून राहिलंय, तेवढ्यात म्हटलं हात फिरवावा.”

ताईंनी आम्हा दोघांना साथीला बोलावून घेतलं आणि असे आम्ही विमानात चढलो. विमानतळावरच्या साहेबानं माझ्या तोंडावरची वाळकी कणीक नखानं खरवडून हुंगली. बिचाऱ्याला गाईचा वाटा मिळाला.

परदेशात आमचा दिवस असा असायचा: दुपारपर्यंत प्रतिक्षा माझ्या पेटीवर लॅपटॉप ठेवून लोकांच्या वेबसाइटी बनवायची, संध्याकाळी लॅपटॉप पेटीखाली आणि मी मांडीवर. आगगाडी, नवं गाव, नवा रंगमंच. थंडीनं माझं कातडं खरखरीत झालं, पण टाळ्या ऊबदार होत्या. ताईंच्या पायातले घुंगरू आणि माझे बोल यांचं चांगलं जमलं.

मग गोजरबाईनं बांधून दिलेलं पीठ संपलं. कार्यक्रमाच्या आधी प्रतिक्षा घाईनं दुकानात गेली आणि पांढरंशुभ्र पीठ घेऊन आली. पाकिटावरची भाषा तिला येत नव्हती. ते होतं केकचं पीठ, आधीच बेकिंग पावडर घातलेलं. रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेनं माझ्या तोंडावर ते फुगू लागलं. ऐन रंगात पच्‌कन सुटलं आणि ताईंच्या पायाशी जाऊन पडलं. माझा आवाज गेला. ताई घसरता घसरता वाचल्या. लोक हसले.

नंतर ताई शांतपणे म्हणाल्या, “प्रतिक्षा, शनिवारचा कार्यक्रम मोठा आहे. तू कॉम्प्युटरवाली आहेस. पखवाज रेकॉर्ड कर, आपण तेच लावू. ह्याला घरी पाठवून दे. तूसुद्धा वेबसाइटच कर, त्यात तुझा जम बसलाय.”

मित्रांनो, खुंटी मला समोर दिसू लागली. आणि मला खाली उतरवणारी पोरही या वेळी माझ्यासोबत लटकणार होती.

प्रतिक्षानं आईला फोन लावला. गोजरबाई आधी पोटभर हसली.

“येडे, जगाच्या वेबसाइटी करतीस आन् पिठाचं पाकीट वाचता येईना व्हय?”

“आई, ताई वाजवू देत न्हाईत आता.”

गोजरबाईचं हसू थांबलं. “मग त्या सांगतील ते बराबर करून दे. पण याचा गोळा चुकवू नको. पीठ हुडक.”

प्रतिक्षानं एका पंजाबी दुकानातून गव्हाचं पीठ हुडकलं. चिमूटभर भिजवून, फुगत नाही ना, हे बघत बसली. मग मला नीट थापून, खोलीत एकटीनंच बसून तिनं रेकॉर्डिंग केलं. एकही बोल चुकला नाही. सोन्यासारखं झालं, आणि तेच माझं दुखणं होतं.

तालमीत त्या चपट्या लॅपटॉपनं मला वाजवलं. मी कोपऱ्यात गप्प. ताई नाचू लागल्या. शेवटी एकच बोल तीनदा येतो आणि तिसऱ्याच्या ‘धा’वर पाय पडायचा असतो. लॅपटॉपचा ‘धा’ झाला, ताईंचा पाय मागून आला. पुन्हा केलं. पुन्हा पाय मागे. ताई गुडघा धरून बसल्या.

“आजपर्यंत असं कधी झालं नाही,” त्या म्हणाल्या. “मग आजच कसं?”

प्रतिक्षानं लॅपटॉप मिटला. “ताई, तुमचा उजवा गुडघा गिरकीनंतर जरासा थांबतो. मी पन तिथं जरासा हात थांबवते. पैल्यापासूनच.”

“मला बोलली का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तुमी गुडघ्याला थांबूच दिलं नसतं, ताई. तकलीफ वाढली असती.”

ताईंनी सैल झालेले घुंगरू पुन्हा आवळून बांधले. मग म्हणाल्या, “ह्या डबड्याला सांग की थांबायला.”

“तो वाजवतो, ताई. ऐकत न्हाई.”

“मग बघत काय बसलीस? कणीक मळ.”

शनिवारी मी वाजलो. गिरकी झाली, गुडघा थबकला, प्रतिक्षाचा हात हवेत राहिला, आणि ‘धा’ आणि पाय एकत्रच पडले. समोर बसलेल्या कुणालाही काही कळलं नाही. कळू नये, त्यासाठीच तर मी होतो.

आता लॅपटॉपशी माझं भांडण नाही. आमच्या कार्यक्रमांची गावं तोच ठरवतो, माझा फोटोही त्याच्याच पोटात आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी खुंटीवर माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला नुसतं पुसून ठेवू नका. खाली उतरवा, मांडीवर घ्या. पोळ्यांच्या कणकेतला पहिला गोळा त्याला द्या. आणि वाजवताना समोरच्याच्या पायाकडं लक्ष असू द्या. त्याचा गुडघा दुखत असेल तर हात जरासा थांबवा. सांगू मात्र नका.