शेवटच्या किल्लीवरची फुंकर

नवऱ्याने पिशवीतून आणखी एक लेन्स बाहेर काढली तेव्हा तिने कपाळावर हात मारून घेतला. आज तिचे बाबा दुकान कायमचे सोडणार होते. जन्मभर त्या टीचभर गाळ्यात बसून त्यांनी किल्ल्या घासल्या, पण किल्ली घासतानाचा त्यांचा एकही धड फोटो घरात नव्हता. कॅमेरा दिसला की बाबांचा ओंडका व्हायचा: हात गुडघ्यांवर, ओठ मिटलेले, नजर समोर. तिला हवे होते ते बाबा वेगळेच, कानस थांबवून, गाल फुगवून किल्लीवरचा कीस फुंकणारे. ते आज मिळाले नाहीत तर पुन्हा कधीच मिळणार नव्हते.

"अहो, उरका ना!"

"उजेड बघ कसा आहे. इथे ती मोठी लेन्स हवी होती. ती घेतली असती तर..."

घेतली असती तर! या वाक्यावर त्यांचा संसार चालला होता. आधी कॅमेरा जुना म्हणून फोटो हलायचे. नवा आला तर लेन्स बरोबर नव्हती, लेन्स आली तर पट्टा खांद्याला काचू लागला. रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढतो म्हणून हा गृहस्थ घराबाहेर पडायचा आणि कॅमेऱ्यांच्या दुकानात ठाण मांडायचा. त्याचा जुना छोटा कॅमेरा मोज्यांच्या खणात पडला होता. तिने तो एके दिवशी रागारागाने उचलला, निव्वळ त्याला दाखवून द्यायला.

दाखवते कसली, कपाळ! सुरुवातीचे सगळे फोटो म्हणजे बिनडोक्याची माणसे आणि फुटपाथ. पण ती पडद्यांच्या दुकानात कापड कापायची. दोन मीटर म्हणजे किती हे तिला नुसत्या नजरेने कळायचे. तिने फोकस दोन मीटरवर पक्का करून टाकला, फ्लॅश बंद केला, बटणाचा चिवचिवाट बंद केला आणि कामावर जाता-येता कॅमेरा छातीशी धरून फोटो काढू लागली. झूमला हात लावायचा नाही, माणूस लांब असेल तर आपणच पुढे व्हायचे. हळूहळू डोकी फोटोत यायला लागली.

गाळ्यात बाबा शेवटची किल्ली घासत होते. नव्या भाडेकरूसाठी, याच गाळ्याच्या कुलपाची.

"जावईबापू, झालं का?" लेन्स दिसताच बाबांचे हात गुडघ्यांवर गेले.

"बाबा, नॅचरल बसा, नॅचरल!"

बाबा नॅचरल झाले, म्हणजे आणखी ताठ झाले. कॅमेरा खटाखट वाजला. ती पिशवी उचलून गटारात फेकावी असे तिला मनापासून वाटले.

"आता लेन्स बदलतो," म्हणत नवरा पाठमोरा झाला. बाबांनी सुस्कारा सोडून पुन्हा कानस उचलली. ती जरा पुढे सरकली. एवढे अंतर तिच्या ओळखीचे होते.

"बाबा, चहा सांगू?"

"थांब गं, हे होऊ दे."

कानस थांबली. गाल फुगले. तिने छातीशी धरलेल्या छोट्या कॅमेऱ्याचे बटण दाबले, आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

रविवारी दोन्ही फोटो बाबांच्या पुढ्यात आले. नवऱ्याच्या फोटोत शर्टाचे एकेक बटण लखलखत होते आणि आत कुणीतरी परका माणूस बसला होता. तिचा फोटो कलला होता, पण फुगलेल्या गालांसमोर पितळेचा कीस उजेडात उडत होता.

"खांदा कापला गेलाय," नवरा म्हणाला.

बाबांनी आपला ताठ फोटो "छान आहे हो" म्हणत बाजूला ठेवला. मग तिचा डोळ्यांजवळ धरला. कागदावरचे ते ठिपके पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली आणि सवयीने त्यांनी त्यावर जोरात फुंकर मारली. कीस जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा गाल फुगवले.

"तो आता उडायचा नाही, बाबा," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटले.

"बाबा, थांबा! अगदी तस्सेच राहा!" नवरा ओरडत पिशवीकडे धावला.

बाबांनी निमूटपणे फोटो खाली ठेवला आणि हात गुडघ्यांवर ठेवले.