कालवडीचा भाऊ

अंजनाच्या लग्नात माहेरनं आंदण म्हणून एक कालवड दिली होती. तीन वर्षं झाली, कालवड माजावर येईना आणि अंजनालाही दिवस जाईनात. उचगावात सासूबाई तानाबाई दोघींकडे एकाच नजरेनं बघू लागल्या. फरक एवढाच, की कालवडीला पेंड मिळत होती.

डॉक्टर बोलावले ते अर्थात जनावरांचे. नवे होते, चौऱ्याऐंशी सालातलं ताजं संशोधन वाचून आलेले. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी तपासलं आणि ही जुळ्यातली का, म्हणून विचारलं. होती, जोडीला खोंड झालेला. मग औषध नाही, असं सांगून डॉक्टरांनी सोप्यात चहा घेता घेता कारण समजावलं. पोटातला नर एक प्रथिन तयार करतो, आपल्या अंगात गर्भपिशवी होऊ नये म्हणून. गाईच्या पोटात जुळ्यांची रक्तं एकमेकांत मिसळतात, ते प्रथिन बहिणीच्या अंगात जातं आणि तिचीही पिशवी धड होत नाही. थोडक्यात, भावानं आपलं काम चोख केलं आणि भोगलं बहिणीनं. यात घरात कुणाला नवल वाटलं नाही.

तानाबाईंनी त्यातलं एकच उचललं. अंजनाही जुळी, तिच्याबरोबर माधव झालेला. आठवड्यात मुलाचं, दादासोचं, दुसरं लग्न ठरवायला घेतलं. गडहिंग्लजला दिलेल्या आपल्या नणंदेला, चिमणाबाईंना, मुलगी बघायचा निरोप गेला. ऐकून डॉक्टर धावत आले. माणसात भावाबहिणीची रक्तं सहसा अशी मिसळत नाहीत, असं परोपरीनं सांगू लागले.

"गाईला शास्त्र लागतंय, आन् सुनेला न्हाय व्हय?" तानाबाई म्हणाल्या.

चिमणाबाई मुलीचा फोटो घेऊन एसटीनं आल्या. अंजनानं त्यांच्यापुढं चहा ठेवला.

"आत्या, तुमास्नी पोरं किती?"

"सात की."

"आन् मामंजी आन् तुमी जुळीच न्हवं?"

सासरे गणपतराव आणि चिमणाबाई जुळे, हे अख्ख्या उचगावाला ठाऊक होतं. लहानपणी ओवाळतानासुद्धा दोघांना पाटाला पाट लावून बसवत. चिमणाबाईंनी भावाकडं पाहिलं, फोटो पिशवीत परत घातला.

"मग सुनेत खोट न्हाई, वैनी. आता दादासोला तपासा."

दादासो वैरण टाकायला उठला. डॉक्टरांचं शास्त्रच खोटं, असा निकाल तानाबाईंनी जागच्या जागी दिला. फोटो मात्र पिशवीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी अंजना नवऱ्याला घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दवाखान्यात निघाली. कुठं गेली दोघं, म्हणून शेजारणीनं विचारलं, तेव्हा तानाबाई म्हणाल्या, "कालवडीचं औषध आणाय गेल्यात."