सुनेसाठी सायकल

सायकल हवी होती सुनेला, पण झोप उडाली होती सासरेबुवांची. चाळीस वर्षं ज्यांनी अख्ख्या वस्तीच्या सायकली दुरुस्त केल्या, त्यांच्या घरात सायकल येणार आणि ती दुसरं कुणी पसंत करणार? छे, शक्यच नाही. तीन वर्षांपूर्वी बोटं थरथरायला लागली, तेव्हा कुणाला न सांगता एका दुपारी त्यांनी दुकानाचं शटर ओढलं ते ओढलंच. तेव्हापासून आपण घरात निव्वळ खुर्ची अडवून बसतो, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. सून तसं कधी चुकूनही म्हणाली नव्हती, पण माणसाच्या मनाला कोण आवरणार!

सुनेला इस्पितळाच्या धुलाईघरात नोकरी लागली होती. कामाची वेळ सकाळी सहाची आणि पहिली बस साडेसहाची. नवरा नोकरीसाठी परगावी. रस्त्यावर बर्फ. तेव्हा सायकलच घ्यायची, तीही खिशाला झेपेल अशी आणि मागे कटकट न लावणारी.

जुन्या सायकली विकणाऱ्या बाईने एक जाडजूड निळी सायकल पुढे केली. "ही न्या. गिअरची भानगड नाही. साखळी पूर्ण झाकलेली, त्यामुळे बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने गंजायची नाही. पेडल उलटं दाबलं की ब्रेक, म्हणजे गोठायला ब्रेकची तारच नाही. चाकात हवा भरा आणि विसरून जा. हिवाळा संपेपर्यंत पाना लावावा लागणार नाही."

शेवटचं वाक्य सासरेबुवांना नेमकं झोंबलं.

"सायकल आहे की रणगाडा?" ते म्हणाले. "अगं, त्यापेक्षा ती लाल बघ. तेवढ्याच पैशांत अठरा गिअर. वाऱ्यासारखी पळेल. तू घरी आल्यावर फक्त साखळी पुसायची, तेल द्यायचं, गिअरची तार ताणायची, ब्रेकची रबरं बघायची. तासाभराचं तर काम. मी आहे की!"

"काका, मिठाच्या रस्त्यावर उघडी साखळी?" दुकानदारीण चकित झाली. याच गोष्टीवरून काकांनी जन्मभर गिऱ्हाइकांची खरडपट्टी काढली होती, हे वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं?

सासरेबुवा टायर दाबून बघण्यात फारच गुंतले. सुनेच्या मात्र लख्ख ध्यानात आलं. म्हातारा आपल्यासाठी सायकल बघतच नव्हता, स्वतःसाठी काम शोधत होता. तिला गलबलून आलं.

"लालच घेऊ," ती म्हणाली. "बाबा आहेत म्हटल्यावर मला कसली काळजी!"

सासरेबुवांची कळी खुलली. गिअर कसा लावतात ते दाखवायला त्यांनी खिशातून छोटा पेचकस काढला. स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा. पेचकस खाचेत बसेना. एकदा घसरला, दोनदा घसरला, तिसऱ्यांदा तर हातातूनच पडला. दुकानदारीण उगाच दुसरीकडे बघू लागली.

सासरेबुवांनी पेचकस उचलला, पण पुन्हा स्क्रूला लावला नाही. पहाटेचा अंधार, अडकलेली साखळी आणि ती सोडवणारी सुनेची गारठलेली बोटं त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"निळी दे," ते दुकानदारणीला म्हणाले.

"अहो बाबा, पण लाल चांगली आहे की..."

"लाल माझ्या हौसेची. आणि मला कुठं जायचंय सहाला?"

निळी सायकल शब्दाला जागली. पहिला दिवस, दुसरा दिवस, आठवडा गेला. सासरेबुवा रोज जिन्याखाली जाऊन तिच्याभोवती एक चक्कर मारत आणि हात हलवत वर येत. ना कुरकुर, ना खडखड. इतकी गुणी सायकल त्यांनी जन्मात पाहिली नव्हती, आणि इतका राग त्यांना कुठल्या सायकलचा आला नव्हता.

"सगळं झकास आहे हो," एकदा जेवताना सून हसत म्हणाली. "फक्त सकाळी सीटवर बसलं की बर्फाच्या लादीवर बसल्यासारखं होतं. अर्ध्या रस्त्यापर्यंत जीव जातो!"

 जेवण झाल्यावर सासरेबुवांनी पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढली आणि सगळ्यात मोठा पाना घेऊन खाली गेले. सीटचा बोल्ट अंगठ्याएवढा जाड होता. तिथे बोटांची नजाकत लागत नव्हती, दोन्ही हातांचा जोर पुरत होता.

सून पहाटे उतरली तेव्हा सासरेबुवा मफलर गुंडाळून, दात-ओठ खात बोल्ट आवळत होते. काढलेली सीट त्यांनी रात्रभर घरात हीटरजवळ टॉवेलात गुंडाळून ठेवली होती. सून बसली आणि क्षणभर तशीच थांबली. जाड कोटातूनही ऊब लागत होती. वर घरात कापसाची जुनी उशी पडली होती. तिचं कव्हर शिवून सीटवर चढवलं असतं तर प्रश्न कायमचा मिटला असता. हे तिला कळत होतं. त्यांनाही कळत असावं.

"बाबा, संध्याकाळी सीट परत काढाल ना?" ती म्हणाली. "मला नाही जमायचं ते."

"तुला कसं जमेल?" सासरेबुवा पाना पुसत म्हणाले. "चाळीस वर्षं लागतात त्याला."