गंगाधरमामांचा पुकारा

सोलापूरच्या कोर्टात एकतीस वर्षं ज्यांच्या आवाजासरशी गेटाजवळच्या चहाच्या टपरीवरचे आरोपी कप टाकून धावत यायचे, त्या गंगाधरमामांना स्वतःसाठी वकील सापडेना. आता बोला! वकिलांचा काय दुष्काळ पडला होता? आवारात डोळे मिटून खडा टाकला तरी कुठल्या ना कुठल्या काळ्या कोटाला लागावा. पण तीच तर पंचाईत होती. मामा एकेकाला ओळखून होते. कोण तारखेवर तारखा घेतो, कोण फी घेऊन गायब होतो, कोण साक्षीदाराकडून आदल्या दिवशी साक्ष पाठ करून घेतो, सगळं त्यांना ठाऊक. आणि तेही सगळे मामांना ओळखत होते. कुणाच्या टेबलापुढे जाऊन सांगायचं, की बाबा रे, मी दारू पिऊन गाडी चालवताना सापडलो?

मामा कोर्टात शिपाई होते. दारात उभं राहून नावाचा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले तेव्हा साहेब भाषणात म्हणाले होते, "या माणसाचा आवाज भिंतीलाही अडवता येत नाही." ते वाक्य मामांनी घरीदारी, न्हाव्याच्या दुकानात, मिळून शंभरदा तरी ऐकवलं असेल.

घात केला तो सिद्धारामच्या शेतावरच्या जेवणाने. मामा काही रोजचे पिणारे नव्हते. पण सिद्धाराम जुना दोस्त. "घे की, आता रिटायर झालास, कुणाला भितोस?" म्हणत ओतत गेला, हे घेत गेले. साडेसहाला नातीला, ओवीला, गाण्याच्या क्लासवरून आणायचं होतं. मला काही चढत नाही, हे प्रत्येक पिणाऱ्याचं आवडतं खोटं मामांनी स्वतःला सांगितलं आणि दहा वर्षांच्या पोरीला मागे बसवून स्कूटर हाणली. विजापूर रोडला नाकाबंदी होती. पोलिसाने यंत्र तोंडाशी धरलं. तीसच्या आत हवा तो आकडा अठ्ठ्याऐंशीवर गेला. गाडी जमा झाली आणि कोर्टात हजर राहायचा कागद हातात पडला. हे सगळं ओवी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती.

मुलगा अनिमेष चिंचोळी एमआयडीसीतून धावत आला, दोघांना घरी घेऊन गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "बाबा, उद्यापासून ओवीला मी आणीन." आणि रात्री जेवताना ओवीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला जेलमध्ये टाकतील का?"

शकुंतलाबाईंनी नवऱ्याकडे असं काही पाहिलं की कोर्टाच्या शिक्षेची गरजच उरू नये.

शेवटी मामांनी मन घट्ट केलं आणि भीमाशंकररावांचं ऑफिस गाठलं. मोठे वकील. हरतात कधीतरी, पण ते कुणाला कळू देत नाहीत. त्यांनी कागद वाचला आणि ते हसले.

"मामा, एवढ्यासाठी चेहरा पाडून बसलात? गाडी बंद पडली होती, तुम्ही ती ढकलत होता. चालवतच नव्हता! नात होती ना सोबत? रविवारी घेऊन या तिला."

मामांना एकदम हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू? वाटलं खरं. रविवारी ते ओवीला घेऊन गेले. वकीलसाहेबांनी तिला चॉकलेट दिलं आणि गोड आवाजात विचारलं, "बाळ, आजोबा गाडी ढकलत होते ना गं?"

ओवीने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी फरशीकडे पाहिलं.

"हो," ओवी म्हणाली. "ढकलत होते."

परत येताना ती नव्या पेठेच्या कोपऱ्यावर थांबली. "आजोबा, मी मागून ढकलत होते की बाजूने चालत होते? एकदा नक्की सांगा ना, नाहीतर माझं चुकेल."

मामांचे पायच थांबले. अरे देवा! एकतीस वर्षं पिंजऱ्यातल्या माणसाला शपथ देताना पाहिलं, ईश्वरसाक्ष खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. कित्येकदा 'मोठ्याने म्हणा' असं त्यांनीच दरडावलं होतं. खोटे साक्षीदार तर ते चालीवरून ओळखायचे. आणि आता घरातलंच लेकरू, आजोबा वाचावेत म्हणून, चॉकलेट मुठीत धरून पाठांतर करत होतं. त्यांना स्वतःची अशी शरम वाटली, जशी नाकाबंदीवरही वाटली नव्हती.

"तुला कोर्टात काही सांगायचं नाहीये," ते कसेबसे म्हणाले. "कुणालाच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भीमाशंकररावांकडून कागद परत आणला आणि ते कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली, अगदी कडेच्या टेबलाशी गेले. तिथे राजेश्वरी वकील बसायच्या. वय तिशीचं, टेबलावर एक वही, समोर पक्षकार शून्य. एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात ही बाई स्वतःच्याच पक्षकाराला म्हणाली होती, "हे खोटं मी बोलणार नाही, दुसरा वकील बघा." तो गेलासुद्धा! तेव्हा मामा दारात उभे राहून हसले होते. ही बाई उपाशी मरणार, असं बाकीच्या शिपायांना सांगितलंही होतं. आता तिच्याच समोरच्या स्टुलावर बसले.

"या मामा. बोला."

मामांनी सांगितलं. आधी आडवळणाने, मग सरळ. राजेश्वरींनी मधे एकच विचारलं, "ओवीच्या डोक्यावर हेल्मेट होतं?"

"नव्हतं."

त्यांनी ते लिहून घेतलं नाही. पेन मात्र खाली ठेवलं.

"ऐका मामा. लढायचं असेल तर खोटं न बोलताही लढता येतं. यंत्राचे कागद मागू, तपासणी नीट झाली का ते बघू. तो तुमचा हक्क आहे. कबूल करायचं असेल तर पहिलाच गुन्हा आहे, वय आहे, ते मी कोर्टापुढे मांडीन. दंड होईल, लायसन्स बहुतेक काही महिने जाईल. कायद्यात कैदही आहे. होणार नाही असं वचन मी देणार नाही. आता तुम्ही सांगा."

"यंत्र बरोबर होतं, बाई. मीच चुकलो होतो."

"हे ओवीला सांगितलंत?"

मामांनी बायकोपुढे मान खाली घातली होती, पोराची माफी मागितली होती, पण त्या पोरीला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

"मग आधी तिथे जा," राजेश्वरी म्हणाल्या. "वकीलपत्रावर सही नंतर करा."

त्या संध्याकाळी मामा ओवीसमोर खाली मांडी घालून बसले. "मी दारू प्यायलो होतो आणि तुला मागे बसवलं. तुला काही झालं असतं तर मी जगलो नसतो. चूक माझी. आणि त्या वकिलासमोर तू खोटं बोललीस, तीही चूक माझीच." ओवी उठून आत गेली. तिने ते चॉकलेट आणून आजोबांच्या हातावर ठेवलं. अजून फोडलेलं नव्हतं.

तारखेच्या दिवशी मामा पांढरा शर्ट घालून निघाले. शकुंतलाबाईही निघाल्या, आणि शाळेला सुट्टी म्हणून ओवीही. "तुम्ही दोघी टपरीवरच थांबा," मामांनी बजावलं. आत दारात त्यांच्या जागी आता बसू नावाचा शिपाई उभा असायचा. अक्कलकोटचा पोरगा, त्याला पुकारा शिकवला तो मामांनीच. पोटातून आवाज काढायचा, नाव तोडायचं नाही, टपरीपर्यंत पोचलं पाहिजे. बसूने त्यांना बाजूला घेतलं.

"मामा, तुमी काळजी करू नका. तुमचं नाव मी हळूच घेतो. हितंच दाराशी उभं राहा, कुनाला कळनार बी न्हाय."

केवढा मोह! समोर सगळी ओळखीची तोंडं. कारकून, वकील, भीमाशंकररावसुद्धा. क्षणभर त्यांनी मान हलवायची तयारीही केली. मग म्हणाले, "बसू, मी तुला असं शिकवलं का रे? सगळ्यांची नावं टपरीपर्यंत जातात, माझंच का नाही? नीट पुकार."

"लई वाईट वाटंल की मामा."

"वाटू दे."

अकरा वाजून गेल्यावर बसू उंबऱ्यावर आला. त्याने छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले आणि हाक दिली, "गंगाधर विश्वनाथ कुंभारीकर, हाजर आहेत काऽऽ?"

व्हरांड्यातल्या माना वळल्या. लोक तीन-तीन पुकाऱ्यांपर्यंत लपून बसतात, हे मामांनी आयुष्यभर पाहिलं होतं. ते पहिल्याच हाकेला भिंतीपासून सुटले आणि त्यांच्या तोंडून, न ठरवता, तोच जुना खणखणीत आवाज बाहेर पडला.

"हाजर!"

शेजारी राजेश्वरी वकील चालत होत्या. त्यांनी फक्त गळ्यातला पांढरा बँड नीट केला.

आत फार वेळ लागला नाही. गुन्हा कबूल आहे का? आहे. कुणाच्या दबावाखाली सांगताय का? नाही. राजेश्वरींनी मोजक्या वाक्यांत म्हणणं मांडलं, रडगाणं गायलं नाही. दंड झाला आणि लायसन्स सहा महिन्यांसाठी गेलं. कैद टळली. बाहेर आल्यावर मामांनी दोन्ही हात जोडले, तेव्हा राजेश्वरी म्हणाल्या, "हात काय जोडता मामा, पक्षकार पाठवा." मामांनी त्याच दिवशी दोन पाठवले.

ते टपरीवर पोचले तेव्हा शकुंतलाबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि टपरीवाल्याला उगाच सांगत होत्या, की धूर फार आहे. ओवी बाकावरून उडी मारून उतरली.

"आजोबा, तुमचं नाव इथपर्यंत आलं!"

"आलं ना?" मामांचा चेहरा उतरला. "येणारच."

"आणि 'हाजर' पण आलं. ते जास्त मोठ्याने आलं."

मामांना हसू फुटलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदमच. त्यांनी चहा मागवला, सगळ्यांनाच. शेजारच्या बाकावर तारखेला आलेला एक अनोळखी माणूस होता, त्यालाही पाजला. मग तिघं सिटी बसच्या थांब्याकडे चालायला लागले.

"सहा महिने म्हणजे मार्चपर्यंत," ओवी बोटं मोजत म्हणाली. "मग मी बसेन मागे. पण हेल्मेट दोघांना. आणि रोज निघायच्या आधी माझ्यासमोर फुंकर मारायची."

"पोलिसासारखी?"

"हो. आत्ता मारा की. सराव."

भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, गंगाधरमामा नातीसमोर वाकले आणि त्यांनी फुंकर मारली. ओवीने डोळे बारीक करून नीट वास घेतला.

"चहा," ती म्हणाली. "नुसता चहा." आणि तिने आजोबांचा हात धरला.