शेठ गुरगुरायचा तेव्हा

आमच्या घरात मोठ्यांना उलट बोलायची पद्धत नव्हती. माझ्या वडिलांनी ती पडू दिली नाही, मीही पडू दिली नाही. मुलगा सहा वर्षांचा असताना एकदा भरल्या ताटावरून उठला आणि 'मला नकोय' म्हणाला. मी त्याला तासभर दाराबाहेर उभा केला. तासाभराने आत येऊन निमूट जेवला. पुन्हा जन्मात कधी 'नको' म्हणाला नाही. या गोष्टीचं मला इतकं कौतुक होतं, की दुकानात कुणी पोरांच्या तक्रारी सांगू लागलं की मी ती हमखास ऐकवायचो.

माझं दुकान कुकर दुरुस्तीचं. खाली दुकान, वर घर. भिंतीवर खिळ्यांना रबरी रिंगा टांगलेल्या, डब्यांमध्ये शिट्ट्या आणि वॉल्व्ह, आणि मधोमध काम करायचं जुनं टेबल. बत्तीस वर्षांत नाना तऱ्हेची माणसं पाहिली. एक बाई तर शिट्टीत चिंधी कोंबलेला कुकर घेऊन आल्या होत्या. शिट्टीच्या आवाजाने बाळ उठतं म्हणे! मी त्यांना चार गिऱ्हाइकांदेखत फैलावर घेतलं. "बाई, शिट्टी त्रास द्यायला नसते, सांगायला असते. ती बंद केलीत म्हणून आतली वाफ बंद होत नाही." बाईंचा चेहरा एवढासा झाला. मला मात्र दिवसभर बरं वाटत होतं.

दुकानात माझ्या सोबतीला शेठ असायचा. शेठ म्हणजे आमचा कुत्रा. पिल्लू होता तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या खुर्चीतल्या उशीवर असा ऐसपैस पसरला, की एका गिऱ्हाइकाने विचारलं, "यातले शेठ कोण, हे की तुम्ही?" नाव तेच चिकटलं. तांबूस रंग, एक कान उभा आणि एक पडलेला. टेबलाखाली त्याचं गोणपाट होतं. आठ वर्षं तो तिथे पडून राहिला आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मग भिंगरी आली. भिंगरी म्हणजे नात. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, म्हणून ती दीड वर्षाची झाल्यावर सकाळी आमच्याकडे सोडायची आणि संध्याकाळी न्यायची असं ठरलं. एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून भिंगरी हे नाव मीच ठेवलं. आजी वर कामात असली की भिंगरी खाली माझ्या दुकानात. तिला शिट्ट्यांचा डबा दिला की पाच मिनिटं जायची. सहाव्या मिनिटाला ती टेबलाखाली शेठपाशी.

पहिल्यांदा तिने त्याचा पडलेला कान धरून ओढला, तेव्हा शेठ गुरगुरला. फार मोठ्याने नाही, घशातल्या घशात. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरच्या लेकरावर गुरगुरतो? मी वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि त्याच्या तोंडावर दोन हाणल्या. सून नेमकी तिला न्यायला आली होती.

"बाबा, मारू नका ना त्याला," ती दारातून म्हणाली. "त्याला आवडत नसेल कान ओढलेला. तो गुरगुरला की आपण हिलाच उचलून घेऊ या."

"कुत्र्यासाठी माझ्या नातीने जागा सोडायची? वा!"

"तसं नाही हो. ती लहान आहे, तिला कळत नाही. तिच्याजवळ कुणीतरी बसायला हवं, किंवा दोघांच्या मध्ये काहीतरी आडवं..."

"तुला काय कळतंय कुत्र्यांतलं?" मी म्हणालो. तिने पोरीला कडेवर घेतलं आणि गेली.

पंधरा दिवस मी गुंडाळी हाताशीच ठेवली. शेठ गुरगुरला की फटका. सोळाव्या दिवशी भिंगरी त्याच्या पाठीवर चक्क आडवी पडली आणि त्याने हूं की चूं केलं नाही. नुसतं तोंड दुसरीकडे फिरवलं, जांभई दिली आणि जिभेने नाक चाटत राहिला. मी वर हाक मारून बायकोला बोलावून घेतलं. म्हटलं, "बघ! लोक म्हणतात कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. पंधरा दिवसांत सरळ करून दाखवलं." गिऱ्हाइकांना सांगायला मला आता दुसरी गोष्ट मिळाली होती.

सुनेने आणखी एकदा विषय काढून पाहिला. म्हणाली, "बाबा, तो तिच्याकडे बघत नाही हल्ली. ती आली की अंग चोरतो." मी म्हणालो, याला धाक म्हणतात. तुझ्या नवऱ्यालाही असाच लावला होता. मुलगा तिथेच उभा होता. तो चपलेचा पट्टा लावत राहिला.

एक मात्र खरं, तेव्हा शेठला निदान टेबलाखालची जागा होती. टेबलाच्या मागच्या बाजूला भिंतीलगत एक अरुंद बोळकांडी होती, भिंगरीला तिथे शिरता यायचं नाही. ती फार मागे लागली की शेठ सरकत सरकत तिथे जाऊन पडायचा. मग एके दिवशी एका खानावळीचे चौदा कुकर एकदम दुरुस्तीला आले. मोठाले, काळे पडलेले. ठेवायचे कुठे? मी गोणपाट उचलून दारामागे टाकलं आणि टेबलाखाली, त्या बोळकांडीसकट, कुकर रचले. शेठ थोडा वेळ टेबलासमोर उभा राहून बघत होता. मग दारामागच्या कोपऱ्यात जाऊन बसला. मला वाटलं, बसला बिचारा, समजूतदार आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक गिऱ्हाईक आलं, रिंग हवी होती. "पाच लिटरची की साडेसहाची?" मी विचारलं आणि भिंतीकडे वळलो. भिंगरी हातात बिस्कीट घेऊन दारामागे चालली होती, ते मला दिसलं होतं. दिसलं होतं, हे मी लपवत नाही. ती रोजच जायची. शेठला मिठी मारायची, त्याच्या तोंडाला तोंड लावायची आणि आम्ही सगळे 'किती गोड' म्हणायचो.

मी खिळ्यावरून रिंग काढली. गुरगुर नाही, भुंकणं नाही, काही नाही. आणि मग पोरीची किंकाळी.

वळलो तर ती बसल्या जागी गालाला हात लावून होती आणि बोटांमधून रक्त येत होतं. शेठने तिला केव्हाच सोडलं होतं. तो कोपऱ्यात अंगाचं मुटकुळं करून थरथरत होता. गिऱ्हाइकानेच गाडी काढली. मी पोरीला छातीशी धरून मागे बसलो आणि सबंध रस्ताभर 'काही नाही, काही नाही' म्हणत राहिलो.

डोळ्याखाली सात टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोटभर वर असतं तर डोळा गेला होता. सून आली, तिने भिंगरीला माझ्याकडून घेतलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं मुलगा तरी बोलेल, चार शिव्या घालेल. तो दवाखान्याच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "बाबा, भिंगरी आता येणार नाही तुमच्याकडे." एवढंच. आवाजही चढवला नाही.

घरी आल्यावर मी शेठच्या नावाने आगपाखड केली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा, कृतघ्न, उद्याच कायमची झोपवायची सुई देऊन टाकायला सांगतो. बायको ऐकून घेत होती. मग म्हणाली, "सुनेने दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. का, ते जरा स्वतःला विचारा."

दुसऱ्या दिवशी मी शेठला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण बाई होत्या. त्यांनी त्याला तपासलं, त्याच्या लशींचा कागद पाहिला, दहा दिवस बांधून लक्ष ठेवायला सांगितलं. मग वही उघडून विचारलं, "याआधी कधी गुरगुरला होता का लेकरावर?"

"सुरुवातीला. पण ती खोड मी पंधरा दिवसांत मोडली." त्या दिवशीसुद्धा, पोरीच्या गालावर टाके असताना, माझ्या आवाजात थोडी ऐट होती. ती आठवली की माझंच थोबाड फोडावंसं वाटतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, गुरगुरणं म्हणजे त्याचं 'बास' म्हणणं. ते ऐकून आपण पोराला उचलायचं असतं. तुम्ही त्याला शिकवलंत, की बास म्हटलं की मार बसतो. मग त्याने म्हणायचं सोडलं. त्याचा त्रास थोडाच थांबला?" मग त्यांनी विचारलं, "त्याला बाजूला जाऊन बसायला जागा होती का? पोरगी पोचणार नाही अशी?"

"होती," मी म्हणालो. चौदा कुकर माझ्या डोळ्यांसमोर आले.

"धंदा काय तुमचा?"

मी सांगितलं. बाईंना हसू आलं नाही, त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मला मात्र ती चिंधी कोंबलेली शिट्टी आठवली. त्या बाईंना मी चार लोकांत झापलं होतं. त्यांनी निदान बाळाची झोप मोडू नये म्हणून चिंधी कोंबली होती. मी कशासाठी कोंबली? माझ्या घरात माझ्यापुढे कुणी आवाज करू नये म्हणून.

सुई द्यायचं मी बोललो नाही. त्या डॉक्टरबाईंच्याच ओळखीचा एक रोपवाटिकेवाला होता. एकटा माणूस, घरात पोरंबाळं नाहीत. त्याला सगळं खरं सांगितलं, तरी तो तयार झाला. दहा दिवस झाल्यावर मी शेठला तिकडे नेलं. वाटलं होतं, अडून बसेल, ओरडेल. गाडीत बस म्हटलं, बसला. उतर म्हटलं, उतरला. गोणपाट मी कुंड्यांच्या शेडमध्ये टाकलं, तिथे जाऊन बसला. मी निघालो तेव्हा त्याने नुसतं पाहिलं. एकदा तरी भुंकला असता तर मला बरं वाटलं असतं. पण ती सोय मीच ठेवली नव्हती.

दोन महिन्यांनी रोपवाटिकेवाल्याचा फोन आला. "काका, तुमचा शेठ काल गुरगुरला माझ्यावर. झोपला होता, मी त्याच्या गोणपाटावरून झारी ओढायला गेलो तर."

"मारलंत का त्याला?" मी जवळजवळ ओरडलोच.

"नाही हो. मागे सरलो."

"शाबास," मी म्हणालो. तो माणूस बुचकळ्यात पडला असेल, त्याला म्हटलं की शेठला. "पुढेही गुरगुरला की मागेच व्हा. त्याला गप्प करू नका." मी फोन ठेवला. एका कुत्र्याला गुरगुरता आलं म्हणून म्हातारपणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे कुणाला सांगायची सोय नाही.

भिंगरी त्यानंतर महिनाभराने आली. एका सुटीच्या दिवशी तिघंही दारात उभे. आजी जिना उतरून धावत आली. मी टेबलाला वळसा घालून पुढे झालो. डोळ्याखालची रेघ आता फिकट झाली होती, पण होती. जन्मभर राहणार. पोरीने आधी टेबलाखाली वाकून पाहिलं. तिथे आता काहीच ठेवत नाही मी.

"शेठ?" तिने विचारलं.

"तो दुसरीकडे राहतो आता," मी म्हणालो आणि खाली बसून दोन्ही हात पसरले. तीन महिने या एका क्षणासाठी काढले होते. "ये. आजोबांकडे ये."

"नको!" ती म्हणाली. पाय आपटून म्हणाली.

"ए!" मुलगा एकदम म्हणाला. "मोठ्यांना उलट बोलायचं नाही. जा बघू, आजोबांकडे जा." आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तो तिला पुढे ढकलू लागला. वाक्य माझं होतं. आवाजही माझा होता, तोच चढ, तोच उतार. ती मागे रेटत होती आणि तिचा चेहरा बाजूला वळला होता. तोंड असं फिरवलेलं मी याआधी एकदा पाहिलं होतं.

"ढकलू नकोस तिला," मी म्हणालो. "नको म्हणतेय ना ती."

मुलाचा हात जागच्या जागी थांबला. मी माझे हात मागे घेतले आणि भिंगरीला म्हणालो, "बरं. नको तर नको. ऐकलं हं मी."

ती आईच्या मागे गेली आणि तिथून माझ्याकडे बघत राहिली. सुनेने माझ्याकडे पाहिलं, तीन महिन्यांत पहिल्यांदा. मग आजी त्या दोघींना वर घेऊन गेली. भिंगरी त्या दिवशी माझ्याजवळ आली नाही आणि मी पुन्हा बोलावलं नाही.

मुलगा मात्र खालीच रेंगाळला. डब्यातली एक शिट्टी घेऊन बोटांत फिरवत होता. तेहतीस वर्षांचा बाप्या माणूस, पण माझ्यासमोर उभा राहिला की अजून मान खालीच.

"त्या दिवशी माझं पोट दुखत होतं, बाबा," तो म्हणाला.

कुठल्या दिवशी, हे मला विचारावं लागलं नाही.