खडूची रेघ

आंघोळीनंतर बायकोच्या छातीवर दवाखान्यात आखलेली निळी रेघ पुसट दिसली आणि मास्तरांचा हात सवयीने खडूकडे गेला. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला अर्धवट रेघ बघवत नाही. त्यांनी ती झोकात पुरी केली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात प्रोटॉन किरणांच्या मशीनवरच्या मुलीने त्यांना आत बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. "काका, कॅन्सरची गाठ काढली तिथपर्यंतच हा किरण जातो आणि थांबतो. मागे हृदय आहे, त्याला जपायचंय. खुणा आमच्या आम्हीच करणार."

"म्हणजे टाका वरच्या कापडाला घालायचा, अस्तराला सुई लागू द्यायची नाही," मास्तर ओशाळून म्हणाले.

मुलीला हसू आवरेना. तिने खडू पुसून टाकला.

घरी जाताना बसमध्ये बायको हळूच म्हणाली, "तुम्हाला बोलवायच्या आधी तिने मोजून पाहिलं होतं. तुमची रेघ केसभरही चुकली नव्हती. टेप कधी लावलीत?"

"तुझ्या मापाला टेप कशाला लागते," मास्तर खिडकीबाहेर बघत पुटपुटले.