डब्याच्या बुडाचं तिकोनी भोक

कवचबाबांनी ग्लास तोंडाला लावला तेव्हा फवारणीच्या ठेकेदाराच्या गोदामात त्याची दोनशे माणसं श्वास रोखून उभी होती. ग्लासात पांढरंफटक पाणी होतं. झुरळांच्या औषधाचा सीलबंद डबा बाबांनी सगळ्यांच्या देखत फोडला होता आणि त्यातलं औषध पाण्यात कालवलं होतं. पाण्यात पडताच ते दुधासारखं फुटलं, अगदी खऱ्या औषधासारखं. उग्र वास पहिल्या चार रांगांत पसरला. त्याआधी त्याच डब्यातलं टोपणभर औषध बरणीतल्या झुरळांवर ओतलं होतं आणि झुरळं पाय वर करून पडली होती. बाबांनी ग्लास घटाघटा रिकामा केला, मिशा पुसल्या आणि ढेकर दिला.

"विष विषाच्या जागी, भक्त भक्ताच्या जागी," बाबा म्हणाले. "मध्ये काय उभं आहे? कवच."

गळ्यातली शिशाची चकती त्यांनी उंच धरली. दोनशे माणसांनी हात जोडले. मला त्या ढेकराची किळस आली ती आजतागायत गेलेली नाही.

मी फवारणी करणाऱ्यांचा प्रमाणपत्राचा वर्ग घेते. झुरळं, वाळवी, धान्यातले किडे मारायची औषधं वापरायची तर प्रमाणपत्र लागतं, आणि ते जन्मभराचं नसतं. दर तीन वर्षांनी वर्गात बसायचं, लेखी परीक्षा द्यायची, मास्कची चाचणी द्यायची. लोकांना हा नसता खटाटोप वाटतो. नियम कंटाळवाणे आहेत हे मलाही मान्य आहे. शिकवताना मीच कधीकधी जांभई गिळते. पण त्यातला प्रत्येक नियम आधी कुणीतरी भोगलेला आहे.

बाबांचं व्रत सोपं होतं. चाळीस दिवस चकती गळ्यात घालायची, तोंडाला वस्तरा लावायचा नाही आणि मास्कही लावायचा नाही, कारण मास्क लावणं म्हणजे कवचावर अविश्वास. शेजारी ठेकेदार डोळे मिटून उभा होता. त्याची भक्ती मला लगेच कळली. मास्क, फिल्टर, हातमोजे आणायची त्याची कटकट एका चकतीत मिटली होती.

आणि तिसऱ्या रांगेत माझा सख्खा भाऊ उभा होता, गळ्यात चकती घालून. बावीस वर्षं पंप पाठीवर घेणारा, मला पहिल्यांदा औषधाचं लेबल वाचायला शिकवणारा माझा दादा. त्याच्या प्रमाणपत्राची मुदत महिनाअखेर संपत होती.

वहिनीचा फोन मला आधीच आला होता. "ताई, यांचे हात थरथरतात. चहाचा कप बशीत वाजतो. मी काही बोलले की म्हणतात, कवच मुरायला वेळ लागतो."

सोमवारी दादा मास्कच्या चाचणीला आला. ही चाचणी साधी असते. मास्क लावलेल्या माणसाच्या डोक्यावर पारदर्शक टोप चढवायचा आणि आत कडू पाण्याचा फवारा सोडायचा. मास्क चेहऱ्याला घट्ट बसला असेल तर काही लागत नाही. फट असेल तर जीभ कडू होते. दादाच्या गालांवर बारा दिवसांची दाढी होती, आणि दाढीवर कुठलाच मास्क घट्ट बसत नाही.

"कडू लागलं?" मी विचारलं.

"लागलं." दादा खोटं कधी बोलत नाही, हा त्याचा गुणही आहे आणि खोडही.

"दाढी काढून ये, मग पास करते."

"व्रत मोडू?"

"मोड. चष्मेवाल्याचं काय झालं ते विसरलास?"

चष्मेवाला त्याच्याच टोळीतला. आठवड्यापूर्वी बंद कोठारात चकती घालून, मास्कशिवाय फवारणी करत होता. बाहेर काढला तेव्हा तोंडाला लाळ, अंग घामाने निथळत होतं आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. अजून दवाखान्यात होता. बाबा त्याला बघायलाही गेले नाहीत. 'श्रद्धेला भेग होती' एवढाच निरोप धाडला. माणूस मरता मरता वाचतो आणि वर दोष त्याचाच. असल्या निरोपावर थुंकावंसं वाटतं.

दादाने गळ्यातली चकती मुठीत धरली. मग म्हणाला, "पण बाबा ग्लासभर पितात आणि ठणठणीत उभे राहतात. ते कसं, एवढं सांग. सांगितलंस तर आत्ता दाढी काढतो."

मला सांगता आलं नाही. दोनशे माणसांनी पाहिलं ते मीही पाहिलं होतं. मी नापासचा शेरा मारला. रजेवर जाणार का, असं विचारलं तर तो म्हणाला, "मुदत आहे तोवर कामावर जाणार." थरथरत्या हातांनी, उघड्या तोंडाने.

गुरुवारी दुपारी त्याच गोदामात बाबांचा पुन्हा प्रयोग होता. या वेळी मी पुढे जाऊन उभी राहिले आणि बाबांऐवजी डब्याकडे बघत राहिले. दोन गोष्टी खटकल्या. वास येत होता तो डब्याच्या तोंडातून नव्हे, खाली अंथरलेल्या टॉवेलमधून. आणि डबा त्या टॉवेलवरून कधी सुटा होत नव्हता. ओततानाही टॉवेल बुडाशी धरलेलाच असायचा, बाळाला दुपट्यातून उचलावं तसा.

आमच्या वर्गात पहिल्या दिवशी एक सवय लावतात. डबा हातात घेतला की आधी बूड बघायचं, गळत तर नाही ना. म्हणून ग्लास रिकामा झाल्यावर मी म्हणाले, "बाबा, डब्याचं बूड दाखवता?"

बाबा हसले. "बूड पाहतो तो संशयी, मुख पाहतो तो भक्त. बाई, तुमचं आयुष्य बूड बघण्यात गेलं."

गर्दी हसली. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, इथे परीक्षा नाही चाललेली."

"बघू द्या की," मागून आवाज आला. दादा पुढे आला. "बावीस वर्षं रोज बघतोय. बघितल्याने श्रद्धा कमी होत नाही." बाबांनी डब्यावर हात ठेवेपर्यंत दादाने तो उचललाही होता. त्यात अविश्वास नव्हता, हाताची सवय होती. त्याने डबा कलता केला आणि तसाच थांबला.

बुडावर वितळवलेल्या प्लास्टिकचं थिगळ होतं, बोटाच्या पेराएवढं, तिकोनी.

"हे भोक माझं आहे," दादा म्हणाला.

रिकाम्या डब्याचा नियम असा: आत पाणी घालून तीनदा विसळायचं, विसळलेलं पाणी पंपात ओतायचं, आणि डब्याच्या बुडाला भोक पाडायचं, म्हणजे त्यात कुणी तेल-पाणी भरून ठेवणार नाही. बाकीचे खिळा ठोकतात. दादा जुन्या तिकोनी कानशीचा तुकडा ठोकतो. त्याच्या डब्याचं भोक तिकोनी असतं हे गोदामातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

दादाने नखाने थिगळ उचकटलं. बुडातून धार लागली. पहिल्या रांगेतल्या एकाने बोट लावून हुंगलं आणि म्हणाला, "बडीशेप. आणि दारू."

मग सगळं उलगडत गेलं. बडीशेपेचं तेल कडक दारूत विरघळवून पाण्यात ओतलं की पाणी दुधासारखं होतं. त्या दारूत बुडवलं तर झुरळंच काय, गावजेवणातला पैलवानही आडवा होईल. डब्याच्या तोंडावरची सीलची चंदेरी पट्टी घरच्या इस्त्रीनेही चिकटते. उग्र वासासाठी टॉवेलला खरं औषध चोळलेलं. आणि डबा पुरवणारा ठेकेदार, कारण रिकामे डबे त्याच्याच गोदामात जमा होतात. नवा द्यायला हात आखडला म्हणून भंगारातला दिला.

दादा आत गेला आणि कोठीतला नवा डबा आणून बाबांसमोर ठेवला. झाकणाला त्याने हात लावला नाही. त्याला फक्त उत्तर हवं होतं. "बाबा, हा घ्याल?"

"आज नेमाचा ग्लास झाला," बाबा म्हणाले. "दिवसाला एकच."

कुणी हसलं नाही. दोनशे हात गळ्याकडे गेले आणि चकत्या टेबलावर पडू लागल्या. आवाज बराच वेळ चालला. बाबा मागच्या दाराने निघाले, पण दाराशी पोलीस येईपर्यंत टोळीतल्यांनी त्यांना बसवून ठेवलं. ठेकेदाराविरुद्धची तक्रार मीच लिहिली, सही करताना हात जरासुद्धा अडला नाही.

परत येताना दादा एवढंच म्हणाला, "तो डबा मी तीनदा विसळला होता. एखाद्या दिवशी कंटाळून एकदाच विसळला असता तर हा माणूस स्टेजवरच गेला असता."

हे ऐकून मी रस्त्यातच थांबले. बाबा जिवंत होता तो कवचामुळे नव्हे. ज्या नियमांची तो टिंगल करत होता, त्यातलाच एक नियम एका फवारणीवाल्याने कुणी बघत नसताना पाळला, म्हणून जिवंत होता. आणि त्याच फवारणीवाल्याच्या तोंडावरचा मास्क बाबाने उतरवला होता.

चष्मेवाला घरी आला आहे, पण डॉक्टरांनी त्याला पंपापासून कायमचं लांब राहायला सांगितलं आहे. म्हणून हात जोडून सांगते. कुणी विष पिऊन दाखवलं तर डोळे दिपू देऊ नका, डबा उलटा करायला सांगा. खऱ्याला त्यात काही जात नाही. आणि प्रश्न विचारल्यावर जो तुमच्या श्रद्धेत भेग शोधतो, त्याच्या डब्यात नक्की भोक आहे असं समजा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दादा आला. गुळगुळीत दाढी केलेली, हनुवटीवर वस्तऱ्याचे दोन काप. मी टोप चढवला आणि फवारा सोडला. नियमापेक्षा चार दाब जास्तच दिले.

"कडू लागलं?"

मास्कआडून आवाज आला, "नाही गं." मी पुन्हा एकदा दाबून पाहिलं आणि मग सही केली.